ओट्सने न दिलेले वचन

ओट्स खावेत की पोहे, हा वाद मराठी मध्यमवर्गात गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही पुढे सरकलेला नाही. एका बाजूला आहारतज्ज्ञाने दिलेला तक्ता फ्रीजच्या दाराला चिकटवून रोज सकाळी निमूटपणे ओट्स गिळणारे आहेत. दुसऱ्या बाजूला ‘आपल्या आज्या काय ओट्स खात होत्या का?’ असे विचारून कांदेपोह्यांच्या बशीवर दुसऱ्यांदा खोबरे भुरभुरणारे आहेत. पहिल्यांना ओट्स म्हणजे विज्ञान वाटते, तर दुसऱ्यांना ते परकीय कंपन्यांचे कारस्थान वाटते. मुळातला प्रश्न साधा होता: वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाने सकाळी ओट्स खाणे कितपत हिताचे आहे? या प्रश्नाला दोन्ही पक्षांनी बगल देऊन धान्याची अस्मिता तेवढी धरून ठेवली आहे. माझे म्हणणे असे की साधे, बिनसाखरेचे ओट्स हे चांगले धान्य आहे आणि ते नाश्त्याला खाण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याने वजन उतरते, हे वचन ओट्सविषयीच्या संशोधनाने कधी दिलेलेच नाही. ते दिले आहे पाकिटाने, आणि तेही कोलेस्टेरॉलविषयीच्या एका वेगळ्या व मर्यादित निष्कर्षाच्या पुण्याईवर. पोह्यांच्या बाजूने जे बोलले जाते तेही असेच कच्चे आहे; त्याचाही समाचार पुढे घ्यायचा आहे.

ओट्सच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करून टाकू, कारण तो खरोखरच भक्कम आहे. शंभर ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण तेरा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत पोह्यांचे आकडे पाहिले तर तितक्याच वजनाला सुमारे साडेसात ग्रॅम प्रथिने आणि साडेतीन ग्रॅम तंतू एवढेच हाती लागतात. म्हणजे प्रथिने जवळजवळ निम्मी आणि तंतू तिसरा हिस्सा. हा फरक ‘सगळे सारखेच’ म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. शिवाय ओट्समधील तंतूंचा मोठा भाग बीटा-ग्लुकॅन या विरघळणाऱ्या तंतूचा असतो. ओट्स शिजताना पातेल्यात जो बुळबुळीत चिकटपणा येतो आणि ज्यामुळे घरातली निम्मी माणसे वाडग्याकडे पाहूनच नाक मुरडतात, तो या बीटा-ग्लुकॅनचाच. पोटात गेल्यावरही तो असाच दाट लगदा करतो, त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, साखर रक्तात हळू उतरते आणि आतड्यातील पित्ताम्ले अडकून शरीराबाहेर जातात. त्या आम्लांची भरपाई करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते. ही यंत्रणा तपासलेली आहे, आणि ज्वारी-बाजरीत तंतू भरपूर असले तरी बीटा-ग्लुकॅनची ही करामत त्यांना ओट्सइतकी साधत नाही, हे स्वदेशीवाल्यांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पोट भरण्याच्या बाबतीतही ओट्सकडे पुरावा आहे. सिडनी विद्यापीठातील सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अडतीस पदार्थ, प्रत्येकी सारख्याच उष्मांकांचे, लोकांना खायला घालून पुढील दोन तास त्यांची भूक मोजली. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले तर ओट्सच्या लापशीला २०९ गुण मिळाले, म्हणजे पावाच्या दुपटीहून अधिक. पण त्याच तक्त्यात ३२३ गुण मिळवून पहिला आलेला पदार्थ कोणता होता? उकडलेला बटाटा. वजन कमी करायला निघालेला माणूस ज्याला सर्वांत आधी घराबाहेर काढतो तो बटाटा. ओट्सच्या जाहिरातीत या प्रयोगाचा हवाला दिला जातो तेव्हा बटाट्याचे नाव सोयीस्करपणे गळून पडते, आणि ज्यांना हा प्रयोग मान्य आहे त्यांनी मग सकाळी तेल न घालता उकडलेले बटाटे का खाऊ नयेत, याचे उत्तर कोणी देत नाही. ओट्सने तृप्ती मिळते असे दाखवणाऱ्या नंतरच्या काही प्रयोगांना ओट्स विकणाऱ्यांनीच पैसे पुरवले होते. एवढ्याने ते प्रयोग खोटे ठरत नाहीत. पण तुलना कशाशी करायची हे पैसे देणारा ठरवू शकतो, आणि कॉर्नफ्लेक्सशी तुलना केली तर जिंकायला फारसे कष्ट पडत नाहीत.

हे सारे मान्य करूनही वजनाचा मुद्दा सिद्ध होत नाही, आणि तो का होत नाही हे समजायला अमेरिकेतील चाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग उपयोगी पडतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ओटच्या कोंड्याचे वेड आले. कोंडा कोलेस्टेरॉल उतरवतो अशी हवा झाल्यावर तो पावात आला, मफिनमध्ये आला, बटाट्याच्या चिप्समध्ये आणि बिअरमध्येही आला; ज्या पदार्थांनी कोलेस्टेरॉल वाढण्याची भीती होती त्यांच्यावरच कोंडा शिंपडून ते आरोग्याच्या नावाने विकले गेले. मग जानेवारी १९९० मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी वीस निरोगी माणसांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ओटचा कोंडा खाल्ला काय किंवा फारसा तंतू नसलेले गव्हाचे पदार्थ खाल्ले काय, कोलेस्टेरॉल सारखेच उतरते, कारण दोन्ही वेळी माणूस तेलकट-तुपकट कमी खातो, असा त्याचा निष्कर्ष होता. बातमी आली आणि कोंड्याचा बाजार बसला. कालपर्यंत अमृत असलेली वस्तू एका रात्रीत भुसा ठरली. दोन्ही निवाडे उतावळे होते. पुढे अधिक प्रयोग झाले, कोलेस्टेरॉल मुळात वाढलेल्या लोकांवरही झाले, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराविषयी एक दावा छापायला परवानगी दिली. पुढे हीच मुभा जवालाही मिळाली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे कोणाच्या फारशी कानावर आलेली नाही.

त्या परवानगीची भाषा कशी होती हे पाहिले पाहिजे. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅन, तेही संपृक्त मेद आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहाराचा भाग म्हणून पोटात गेले, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. तीन ग्रॅम म्हणजे किती ओट्स? साधारण सत्तर ग्रॅम कोरडे, म्हणजे नेहमीच्या तीस-चाळीस ग्रॅमच्या वाडग्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेही रोज. एवढे केल्यावर वाईट कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी दहा मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. औषधाशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे, पण खोटा नाही. लाखो माणसांच्या पातळीवर तो मोलाचाही ठरू शकतो. या संपूर्ण वाक्यात वजन, पोटाचा घेर, चरबी यांपैकी एकही शब्द नाही. तरीही आज आपल्या दुकानांतील पाकिटांवर कमरेला मोजपट्टी गुंडाळलेली सडपातळ स्त्री दिसते. हृदयाची शिफारस कमरेवर कशी उतरली? उत्तर सोपे आहे. कोलेस्टेरॉल आरशात दिसत नाही, पोट दिसते. आणि माणूस दिसणाऱ्या गोष्टीसाठी खिशात हात घालतो.

वजनाविषयी थेट पुरावा काय सांगतो? अखंड धान्यांवरील सव्वीस प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात दोन हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी होती. मैद्यासारख्या सोललेल्या धान्याऐवजी अखंड धान्य खाल्ल्याने वजनात काही फरक पडत नाही आणि शरीरातील चरबीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते, असे त्यातून निघाले. अखंड धान्य खाण्याची इतर चांगली कारणे पुष्कळ आहेत, परंतु वजनाच्या काट्यावर ती दिसतीलच अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होणार. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. शंभर ग्रॅम ओट्समध्ये सुमारे ३८० उष्मांक असतात आणि शंभर ग्रॅम पोह्यांमध्ये सुमारे साडेतीनशे. धान्य म्हणून ओट्स पोह्यांपेक्षा हलके नाहीत, किंचित जडच आहेत.

खरा फरक वाडग्यात काय पडते याने पडतो, आणि इथे थोडा हिशेब मांडायला हवा. समाजमाध्यमांवर ज्याची छायाचित्रे फिरतात तो ओट्सचा वाडगा घ्या: चाळीस ग्रॅम ओट्सचे दीडशे उष्मांक, पेलाभर म्हशीच्या दुधाचे दोनशे, वर एक केळे शंभराचे, दहा बदाम सत्तरचे, मूठभर मनुका चाळीस-पन्नासच्या, आणि साखर नको म्हणून घातलेला मोठा चमचाभर मध साठचा. बेरीज सव्वासहाशेच्या घरात जाते. आता घरी केलेले कांदेपोहे: साठ ग्रॅम पोह्यांचे सव्वादोनशेच्या आत, मोठा चमचाभर तेलाचे एकशेतीस, शेंगदाण्यांचे ऐंशी-पंच्याऐंशी, कांदा आणि ओले खोबरे मिळून पन्नासएक. बेरीज पाचशेच्या अलीकडे थांबते. ज्याला आपण ‘डाएट’ म्हणतो तो वाडगा ज्याला ‘पाप’ म्हणतो त्या बशीपेक्षा जड निघाला. याउलट तेच ओट्स पाण्यात, गाजर-मटार-फरसबी घालून, एका चहाच्या चमच्याएवढ्या तेलाच्या फोडणीवर उपम्यासारखे केले तर सव्वादोनशेत नाश्ता होतो. आणि चाळीस ग्रॅम पोहे तेवढ्याच तेलात परतून त्यांत मोड आलेली मटकी घातली तरी जवळपास तिथेच पोहोचता येते, शिवाय मटकीमुळे पोह्यांची प्रथिनांची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. एकाच धान्याच्या दोन कृतींमधला फरक चारशे उष्मांकांचा आणि दोन धान्यांमधला फरक जेमतेम दहा-पंधराचा! असे असताना वर्षानुवर्षे भांडण मात्र धान्यावरून चालले आहे.

प्रक्रियेचे तेच. ‘ओट्स’ या एका नावाखाली दुकानात किमान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. दाणा नुसता तोडून ठेवलेले ओट्स शिजायला अर्धा तास घेतात आणि रक्तातील साखर सावकाश वाढवतात. वाफवून, दाबून चपटे केलेले ओट्स पाच-सात मिनिटांत होतात आणि मधेच कुठेतरी बसतात. आणखी पातळ लाटलेले, गरम पाणी ओतताच तयार होणारे ओट्स साखर वाढवण्याच्या वेगात पांढऱ्या पावाच्या पंगतीला जाऊन बसतात. शर्करा निर्देशांकाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात साध्या लापशीचा आकडा पंचावन्नच्या आसपास आहे आणि झटपट लापशीचा एकोणऐंशी. आपल्या शहरांत सर्वांत जास्त हौसेने घेतली जाणारी मसाला ओट्सची पाकिटे या झटपट कुळातली, वर मीठ आणि चवीची भुकटी. ओट्सची बिस्किटे तर वेगळाच विनोद आहे. कायद्याने घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते; पाकीट उलटून पाहिले की पुष्कळदा पहिला मैदा किंवा गव्हाचे पीठ, मग साखर, मग तेल, आणि समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत झळकणारे ओट्स नंतर कुठेतरी अंग चोरून उभे असतात.

इथे एक अधिक मूलभूत शंका घेतली पाहिजे, जी ओट्सवाल्यांना आणि पोहेवाल्यांना सारखीच गैरसोयीची आहे. वजन कमी करायला सकाळी काही खाल्लेच पाहिजे, हे कोणी ठरवले? ‘नाश्ता चुकवाल तर लठ्ठ व्हाल’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते सुभाषित वाटू लागले आहे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तेरा नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत नाश्ता करणारी माणसे न करणाऱ्यांपेक्षा दिवसाला सरासरी दोनशे साठ उष्मांक अधिक खात होती आणि त्यांचे वजनही किंचित, अर्ध्या किलोहून कमी, अधिक होते. संशोधकांनी स्वतःच म्हटले आहे की यातील बरेच प्रयोग अल्पकालीन आणि फारसे दर्जेदार नव्हते, त्यामुळे ‘नाश्ता सोडा’ असाही डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण नाश्ता केल्याने वजन उतरते हा दावा त्यानंतर उभा राहत नाही. महाराष्ट्राने हाच झगडा २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ या नावाने घरोघर अनुभवला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगत होते, तर ऋजुता दिवेकर घरचे, स्थानिक अन्न थोडे थोडे, वेळच्या वेळी खाण्याचा आग्रह धरत होत्या. दोन्ही मार्गांनी बारीक झालेली माणसे आपल्या ओळखीत सापडतात, आणि दोन्ही मार्ग सोडून पुन्हा होती तशी झालेलीही. दोन परस्परविरोधी पद्धतींना यश येत असेल तर त्या यशाचे कारण दोघींत समान असलेल्या गोष्टीत शोधायला नको का? समान गोष्ट एवढीच की दोन्हीकडे येता-जाता डब्यात हात घालणे, सायंकाळची फरसाणाची वाटी आणि चौथा चहा यांच्यावर बंधन आले होते. ओट्स खाणाऱ्याचे वजन उतरते तेव्हा बहुधा असेच काहीतरी घडते, फक्त श्रेय ओट्सच्या खात्यावर जमा होते.

आता पोह्यांच्या पक्षाकडे वळू. त्यांचा जो मुद्दा खरा आहे तो आधी सांगतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यांत ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि दहा ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत अकरा आणि साडेअकरा. ओट्ससमोर ही धान्ये कुठेही खाली मान घालत नाहीत, आणि त्यांची किंमत पाकीटबंद ओट्सच्या निम्म्याहूनही कमी पडते. आपल्याकडे ओट पिकतोच, पण गुरांसाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस वाचून आपले शेतकरी रब्बीत ‘केंट’ किंवा ‘फुले हरिता’ पेरतात आणि तो दुभत्या जनावरांपुढे हिरवा कापून टाकतात. माणसांनी खायच्या ओट्ससाठी मात्र आपण बव्हंशी परदेशाकडे पाहतो. मंगळवेढ्याची ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, घरात असताना हा सगळा खटाटोप कशासाठी, हे विचारणे रास्त आहे.

मात्र या रास्त प्रश्नाच्या आडून दोन गैरलागू गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे ज्वारी-बाजरीचे गुण सांगायचे आणि खायचे मात्र पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी. भाकरीचा वकील स्वतःच्या ताटात तांदूळ आणि रवा घेऊन बसलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘परके म्हणून वाईट’. या कसोटीला आपला कोणता नाश्ता उतरेल? पोह्यांतली मिरची, वरचे शेंगदाणे आणि बटाटेपोह्यांतला बटाटा हे तिन्ही दक्षिण अमेरिका-मेक्सिकोच्या बाजूचे, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे रुजलेले. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची. एकादशीला जे खाऊन आपण सोवळे राहतो त्यातील प्रमुख चारही जिन्नस ज्ञानेश्वरांच्या काळात या भूमीवर नव्हते. आज्यांनी खाल्ले नाही म्हणून ओट्स वर्ज्य करायचे तर आज्यांच्या पणज्यांनी न खाल्लेल्या साबुदाण्याचे काय करणार?

परकेपणाचा आक्षेप मुळात पोषणाचा नसून प्रतिष्ठेचा आहे, हे १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या पिढीला सांगावे लागत नाही. त्या वेळी रेशनच्या दुकानांतून अमेरिकेची लाल ज्वारी, ‘मिलो’, वाटली गेली. लोकांनी ती खाल्ली आणि खाताना तिला शिव्याही घातल्या; ज्वारीचीच ती एक जात, तरी मिलोची भाकरी खावी लागणे ही लाचारीची खूण होती. आज तितक्याच दुरून आलेले धान्य मॉलच्या मांडणीवरून हौसेने उचलले जाते आणि वाडग्यात वाढून त्याचे छायाचित्र काढले जाते. मिलो कमी पौष्टिक होती आणि ओट्स अधिक, असा हिशेब ना तेव्हा कोणी केला ना आता. तेव्हा परके धान्य गरिबाच्या पदरात पडत होते, आता ते पैसेवाल्याच्या टोपलीत पडते. भाकरीचा प्रवासही असाच झाला: रेशनवर गहू आल्यावर पोळी ही सुधारलेल्या घराची खूण ठरली, भाकरी मागे पडली, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरे केल्यावर तीच भाकरी हॉटेलांच्या ‘हेल्दी’ पानावर चौपट दराने परतली. दाणा तोच राहिला, त्याच्याकडे बघणारे डोळे बदलले.

भाकरीचा आग्रह धरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. ती थापणार कोण? सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या बाईला पीठ मळून, तवा तापवून, भाकरी फुगवून निघणे जमत नाही. कांदा चिरून पोहे करणेही रोज जमत नाही. पाच मिनिटांत शिजणारे, एका पातेल्यात होणारे ओट्स तिला सोयीचे वाटतात यात तिची फसवणूक झालेली नाही. तिने आपल्या वेळेचा हिशेब केला आहे. आहाराच्या परंपरेची बहुतेक व्याख्याने आयते ताट पुढ्यात येणाऱ्यांनी दिलेली असतात, हे थोडे कठोर वाटेल, पण आजूबाजूला पाहावे. आणि ‘जिथे राहता तिथले खा’ हे सूत्र प्रामाणिकपणे लावले तर ग्लासगो-एडिंबरोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने ओट्सच खायला हवेत, कारण स्कॉटलंडमध्ये शतकानुशतके गरिबाचे पोट त्यानेच भरले. तिथे भारतीय दुकानातून विकत आणलेले पोहे हे आयात केलेले अन्न ठरते.

म्हणजे वैयक्तिक पातळीवर हा वाद फारसा उरतच नाही. ज्याला ओट्स आवडतात, ज्याचे कोलेस्टेरॉल वाढले आहे, ज्याला सकाळी वेळ नाही, त्याने साधे चपटे ओट्स घ्यावेत, मोजून घ्यावेत, आणि मध-सुकामेव्याचा हात आखडता ठेवावा. ज्याला पोहे हवेत त्याने पोहे कमी करून उसळ वाढवावी. ज्याला सकाळी भूकच लागत नाही आणि ज्याला मधुमेहाच्या औषधांसाठी वेळेवर खाणे भाग नाही, त्याने इतरांच्या धाकाने खाऊ नये. याहून जास्त काही सांगण्यासाठी पुराव्याचा आधार नाही.

सार्वजनिक पातळीवर मात्र प्रश्न उरतो, आणि सगळे भांडण पोहे-ओट्सवर खर्च झाल्यामुळे त्याकडे लक्षच गेलेले नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील जवळजवळ दर चौथी प्रौढ स्त्री आणि तितक्याच प्रमाणात पुरुष जादा वजनाचे आढळले. इतक्या मोठ्या समूहाला बारीक व्हायचे असते तेव्हा ती बाजारपेठ असते, आणि पाकिटाचा दर्शनी भाग हा त्या बाजारपेठेतला सर्वांत महागडा भूखंड. आज त्या भूखंडावर आरोग्याचा आभास निर्माण करणारी चित्रे चालतात, आणि मीठ-साखरेचे आकडे पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत जातात. २०२४ मध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन दुकानांना सांगावे लागले की माल्टयुक्त पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात दाखवू नका, कारण कायद्यात असा वर्गच नाही. इतकी वर्षे तो वर्ग कोणाच्या परवानगीने चालला होता?

सप्टेंबर २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटाच्या दर्शनी भागावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापण्याचा मसुदा आणला. त्यावर सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप ओट्सच्या उदाहरणाने चटकन समजतो. त्या पद्धतीत साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांचे उणे गुण धरायचे आणि तंतू, प्रथिने यांचे अधिक गुण देऊन बेरीज करायची, असे होते. म्हणजे भरपूर मीठ घातलेल्या मसाला ओट्सना तंतूंच्या जोरावर आपले मीठ झाकता येईल, गोड ओट्सना साखर झाकता येईल, आणि गिऱ्हाइकाला दिसतील फक्त तारे. चिलीने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला: वरून साखर, मीठ किंवा मेद घातलेल्या पदार्थात साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा छापायचा, प्रत्येक दोषासाठी वेगळा, आणि एका गुणाने दुसऱ्या दोषाची भरपाई नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर तीन महिन्यांत शिफारशी निश्चित करायला सांगितले होते. इशाऱ्याची पद्धत आली तर साध्या ओट्सच्या पाकिटाला काहीच धोका नाही, त्यावर एकही काळा ठिपका पडणार नाही; ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवरही पडणार नाही. पडेल तो ओट्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांवर आणि बाजरीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चिप्सवर, सारख्याच आकाराचा. ओट्सवाले आणि पोहेवाले दोघांनाही ही मागणी एकत्र करता येण्याजोगी आहे, आणि अशी मागणी सर्वांत जास्त कोणाला नको असेल हे त्या दोघांनी एकदा पाकीट उलटून वाचले की कळेल.